ऑईलला कुठला आलाय उन्हाळा-हिवाळा?

"चाळीस नंबरचं ऑईल चाळीस डिग्रीपर्यंत चालतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून उन्हाळ्यात पन्नास नंबर टाकायचं."

हे वाक्य मी गॅरेजमध्ये ऐकलंय, ढाब्यावर ऐकलंय, आणि एकदा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बी.ई. मेकॅनिकल झालेल्या माणसाच्या तोंडूनही ऐकलंय. ऐकायला इतकं चोख वाटतं की खोटं असेल अशी शंकाच येत नाही. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलंय, म्हणजे १५ ते ४० डिग्री. २०डब्ल्यू-५० म्हणजे २० ते ५०. चंद्रपूरला सत्तेचाळीस असताना ४० नंबरचं काय घेऊन बसलात राव!

तर मंडळी, हे आकडे डिग्रीचे नाहीत. ते नुसते ग्रेडचे नंबर आहेत, शर्टाच्या साईझसारखे. बेचाळीस साईझचा शर्ट बेचाळीस डिग्रीत घालायचा असतो असं आपण म्हणत नाही ना? तसंच. पण ह्या एका गैरसमजापायी दरवर्षी होळीनंतर जाड ऑईल आणि दिवाळीनंतर पातळ ऑईल असा खेळ चालतो. चार चाकांच्या गाडीत तीन-चार लिटर ऑईल असतं, तुमचं-माझं नुकसान हजार-दोन हजारांचं. ट्रकच्या चेंबरमध्ये इंजिनाप्रमाणे पंधरा ते पंचवीस लिटर मावतं, आणि त्या ट्रकवर एखाद्या घराचा हप्ता, शाळेची फी आणि किराणा चालत असतो. म्हणून हा विषय.

आधी आकड्यांचा हिशोब करून टाकू. अमेरिकेतल्या एसएई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली ऑईलची पहिली वर्गवारी केली, ती सुधारत सुधारत आजही चालू आहे. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. ह्या अर्ध्या भागाची परीक्षा बर्फाच्याही खाली होते. १५डब्ल्यू म्हणवून घ्यायचं असेल तर उणे २० अंशांना ते ७००० सेंटिपॉईजपेक्षा घट्ट असता कामा नये, म्हणजे सेल्फ मारल्यावर क्रँक फिरला पाहिजे. ७००० म्हणजे साधारण मधाच्या जवळपास. आणि उणे २५ अंशांना ते ६०,००० च्या आत राहिलं पाहिजे, म्हणजे पंपाला ते खेचता आलं पाहिजे. (मोजायची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे, पण अंदाज यावा म्हणून सांगतो.)

पंपाची परीक्षा सेल्फच्या परीक्षेपेक्षा पाच अंश खाली का घेतात माहितीये? कारण इंजिन सुरू झालं आणि ऑईल मात्र पंपात चढलंच नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. सेकंदांत बेअरिंगं खलास. त्यापेक्षा इंजिन सुरूच न झालेलं परवडलं. थंडी वाढत गेली की आधी सेल्फने हात टेकावेत आणि पंप त्याच्यानंतर, अशी ही रचना. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर इतक्या सभ्यपणे बंद पडलं तर टाळ्या वाजवतील.

दुसरा भाग, म्हणजे ४०. हा गरम इंजिनाचा नंबर. १०० अंशांना ऑईलची व्हिस्कॉसिटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असेल तर ते ४०, त्याच्या वर २१.९ पर्यंत ५०, आणि ९.३ ते १२.५ असेल तर ३०. बघा, परीक्षा शंभर अंशांना घेतलीये. चाळीस काय नि पंचेचाळीस काय, बाहेरच्या हवेचा इथे संबंधच नाही.

मग ऋतूप्रमाणे बदलायची पद्धत आली कुठून? ती मूर्खपणातून आलेली नाही, हे आवर्जून सांगायला हवं. पूर्वी मोनोग्रेड ऑईल असायचं, नुसतं ३० किंवा नुसतं ४०. गरम इंजिनात चांगलं चालणारं ४० थंडीच्या पहाटे गुळाच्या काकवीसारखं व्हायचं, आणि पहाटे बरं वागणारं ३० दुपारी घाटात पाणी व्हायचं. टेल्को आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ चा. त्या टाटा-बेंझच्या जमान्यातले जे जुने ड्रायव्हर होते, त्यांनी थंडीत पातळ आणि उन्हाळ्यात जाड हा नियम पाळला तो बरोबरच होता. मल्टिग्रेड १९५० च्या दशकात बाजारात आलं, आपल्याकडच्या ट्रकपर्यंत पोचायला त्याला बराच काळ गेला. त्यात पॉलिमरचे लांबलचक रेणू असतात. थंडीत ते अंग चोरून बसतात आणि गरम झालं की हातपाय पसरतात, त्यामुळे ऑईल जितकं पातळ व्हायला हवं तितकं होत नाही. म्हणजे हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं ऑईल एकाच डब्यात आलं. नियम मात्र तसाच राहिला. कोड बदलला, कॉमेंट जुनीच!

आता उन्हाळ्याकडे येऊ, कारण आपल्याकडे खरी भीती उन्हाळ्याचीच आहे.

माझा मामा निफाड तालुक्यातला, स्वतःचा बारा टायर ट्रक स्वतःच चालवतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा घेऊन वाशीला जायचं, परतीचं भाडं मिळालं की कसारा चढून घरी. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "भाचेबुवा, घाट चढताना गाडीचा काटा वर जातोय. मेस्त्री म्हणतो उन्हाळा लागला, २०-५० टाकू. तू इंजिनिअर ना, सांग." (मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे हे मामाला ठाऊक आहे. त्याच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर.)

मी विचारलं, "मामा, ऑईल जाड केलं तर रेडिएटरमधलं पाणी कसं थंड होईल?"

ह्याला कुणाकडेच उत्तर नसतं, कारण प्रश्न तसा कधी मांडलाच जात नाही. इंजिनाला कॅलेंडर कळत नाही. कूलंट ऐंशीच्या आसपास तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटर आणि पंखा मिळून ते तापमान एका पट्ट्यात धरून ठेवतात. मोठ्या डिझेल इंजिनात ऑईलचा कूलरसुद्धा ह्याच कूलंटवर चालतो. म्हणजे ऑईलचं तापमान कूलंटच्या दावणीला बांधलेलं. बाहेर जानेवारीचे बारा अंश असोत की मेचे बेचाळीस, रस्त्याला लागून अर्धा-पाऊण तास झाला की चेंबरमधलं ऑईल शंभराच्या आगेमागे असतं. ऋतूंमुळे पडणारा फरक फार तर पाच-दहा अंशांचा. तेवढ्यात १५डब्ल्यू-४० काही पाण्यासारखं होत नाही.

आणखी एक गंमत. बेअरिंगमध्ये ऑईल चिरडलं जातं तेव्हा त्याचा थर टिकतो का, हे १५० अंशांना मोजतात. त्या परीक्षेत १५डब्ल्यू-४० ला पास व्हायला किमान ३.७ लागतात. आणि २०डब्ल्यू-५० ला? तेही ३.७ च! प्रत्यक्षात ५० वाल्याला थोडे जास्त गुण पडतात हे खरं, पण पासाची रेघ तीच. म्हणजे "पन्नास नंबर जास्त संरक्षण देतं" हा जो दावा आहे, तो नियमाच्या पुस्तकात तरी सापडत नाही.

मेस्त्रीची बाजू मांडायची तर तो डोळ्यांनी बघतो प्रेशरचा काटा. जाड ऑईल टाकलं की काटा वर राहतो, त्याला बरं वाटतं. पण प्रेशर म्हणजे अडथळा. नळावर अंगठा ठेवला की पाण्याचा जोर वाढतो, बादली काही लवकर भरत नाही. बेअरिंगला पोचायला हवं ते ऑईल, आणि पहाटे इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ते जितकं लवकर पोचेल तितकी झीज कमी. ४० अंशांना १५डब्ल्यू-४० साधारण ११० सेंटिस्टोक असतं, २०डब्ल्यू-५० साधारण १६०. पहाटेच्या पंधरा अंशांना दोन्ही कितीतरी जास्त घट्ट, आणि दोघांमधली दरी रुंदावलेली. आणि निफाडला थंडीत पारा पाच-सहाच्याही खाली उतरतो. उन्हाळ्यात टाकलेलं जाड ऑईल भाड्याच्या गडबडीत डिसेंबरपर्यंत तसंच राहिलं, असंही होतं.

शिवाय जाड ऑईल ढवळायला डिझेल लागतं. फरक एखाद-दुसऱ्या टक्क्याचा, काट्यावर दिसणारसुद्धा नाही. पण मामाचा हिशोब मांडून बघा. महिन्याला आठ हजार किलोमीटर, चारचा अ‍ॅव्हरेज, म्हणजे दोन हजार लिटर. त्यातला एक टक्का वीस लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर महिन्याला अठराशे रुपये, वर्षाला एकवीस-बावीस हजार. टायर महागले, टोल वाढला म्हणून रोज कुरकुरणारा माणूस हे पैसे मात्र न बघता धुरावाटे सोडतो.

काटा कशामुळे चढत होता? रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या इंटरकूलरमध्ये जी फट असते, तिथे धूळ आणि कांद्याची सालं चिकटून वाकळ तयार झाली होती. मार्केट यार्डात उभ्या राहणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार! हवेने आणि पाण्याने साफ केल्यावर काटा जागेवर आला. उन्हाळ्यात बघायचं ते हे: जाळी, पंख्याचा पट्टा, कूलंट नीट मिसळलेलं आहे की नुसतं बोअरचं पाणी भरलंय, गेजवर ऑईल दोन खुणांच्या मध्ये आहे का. ह्यातल्या कशालाच नवा डबा लागत नाही. नवा डबा का सुचवला जातो त्याचं एक कारण म्हणजे डब्यामागे मेस्त्रीला मिळणारं कूपन. मी मेस्त्रीला दोष देणार नाही. त्याला शिकवायला कुणी आलं नाही, कूपन घेऊन मात्र माणूस येतो.

पण मामाच्या बाबतीत मला खरी धास्ती होती ती नंबरची नव्हतीच. त्याची गाडी बीएस-६, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची. तिच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची गाळणी असते, काजळी अडवणारी. काजळी त्यात जळून जाते, पण ऑईलमधल्या रसायनांची जी राख होते ती जळत नाही, साचत जाते. म्हणून ह्या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. डब्यावर एपीआयच्या गोलात सीके-४ लिहिलेलं असतं ते ह्यासाठी (हा दर्जा डिसेंबर २०१६ पासून आहे). बाजारात जे स्वस्त २०डब्ल्यू-५० मिळतं त्यावर बहुतेक वेळा जुना दर्जा असतो, सीएफ-४ वगैरे. ते जुन्या इंजिनासाठी बनवलेलं, त्यात त्याची चूक नाही. पण ते बीएस-६ गाडीत सतत पडत राहिलं की गाळणी चोंदते, गाडी जोर सोडते, आणि नव्या गाळणीचा खर्च लाखांत जातो. उन्हाळा नव्हे, तो उन्हाळ्याचा उपाय महागात पडतो. म्हणून डब्यावर आधी वाचायची ती ही दोन अक्षरं, व्हिस्कॉसिटी नंतर.

आता उलट बाजू. ऋतू बघायचाच नाही का? बघायचा, पण आपल्या अंगणातला नव्हे, गाडी रात्री जिथे थंड होऊन उभी राहणार आहे तिथला. कांदा घेऊन गाडी दिल्लीच्या आझादपूर मंडीला गेली, जानेवारीतली रात्र तीन-चार अंशांची, धुक्याने हात दिसत नाही. ड्रायव्हर काकडतो, १५डब्ल्यू ला काही होत नाही. त्याची हद्द अजून वीसेक अंश खाली आहे. श्रीनगरला उणे पाच-सहा, तरी ठीक. पण झोजिला ओलांडून द्रास-कारगिल-लेहच्या बाजूला गाडी हिवाळ्यात अडकली तर हिशोब एकदम बदलतो. लेहला जानेवारीत रात्री उणे पंधराच्या आसपास, द्रासला उणे वीसच्याही खाली. तिथे १५डब्ल्यू आपल्या हद्दीच्या काठावर उभं असतं. चेंबरखाली शेकोटी किंवा स्टोव्ह लावून इंजिन सुरू करण्याचे प्रकार ह्याच भागातले. तिथे मुक्कामी राहणाऱ्या गाडीत ५डब्ल्यू-४० (त्याची सेल्फची परीक्षा उणे ३० ला होते) भरणं ही चैन नाही, गरज आहे, अर्थात पुस्तिकेत ते चालतं असं लिहिलेलं असेल तर.

आणि गंमत म्हणजे तिथे ऑईलच्या आधी डिझेलच दगा देतं. त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर बंद. म्हणून तर इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं. हा खरा ऋतूप्रमाणे बदल. कसारा घाटात त्याचं काय काम?

एक अपवाद मला मान्य आहे. वीस वर्षं खडी वाहून झिजलेला टिपर, बेअरिंगं सैल, ऑईल खाणारा, गाळणी-बिळणी काही नाही. त्याचा मालक इंजिन उतरवण्याचा खर्च पुढच्या हंगामापर्यंत ढकलायला २०डब्ल्यू-५० टाकत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते त्याने बारा महिने टाकावं. ते म्हातारपणाचं औषध आहे, उन्हाळ्याचं नव्हे. उलट टोकाला, "पातळ म्हणजे भेसळ" असं समजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की काही नव्या इंजिनांच्या पुस्तिकेत आता १०डब्ल्यू-३० सुद्धा दिसू लागलंय. तिथे कंपनीने बेअरिंगपासून पंपापर्यंत सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं. म्हणून शेजारच्या जुन्या गाडीत ते ओतायचं नाही.

ही सगळी माहिती काही गुप्त नाही. मामाच्या गाडीबरोबर जी पुस्तिका आली तिच्यात तापमानाप्रमाणे कुठली ग्रेड, कुठला दर्जा, किती किलोमीटरला बदली, सगळं एका पानावर छापलेलं आहे. इंग्रजीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कर्जाच्या कागदांबरोबर, घरच्या कपाटात. गाडी चालवणारा दहावी मराठी माध्यमाचा, बदली करणारा मेस्त्री सातवी, आणि त्या दोघांच्या मध्ये पंचेचाळीस लाखांचं यंत्र. मोबाईलचं साधं अ‍ॅप आम्ही दहा-दहा भाषांत काढतो, आणि इतक्या महागाच्या ट्रकला दरवाजाच्या आतल्या बाजूला मराठी-हिंदीत चार ओळींचा स्टिकर लावायला काय हरकत आहे? ग्रेड, दर्जा, लिटर, किलोमीटर. बस्स.

मामासाठी मी तसा कागद छापून लॅमिनेट करून दिलाय, सनशेडच्या मागे लावलाय. १५डब्ल्यू-४०, सीके-४, पुढे लिटर आणि किलोमीटरचा आकडा. पुढच्या बदलीला मेस्त्रीनेही त्याच्या मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला म्हणे.